पुण्याची उमेदवार, दुबईची उमेदवार

मी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहणार आहे, ही बातमी मला पुण्याहून कळली. त्या वेळी मी स्वयंपाकघरात अंबाडी निवडत बसले होते. माझ्या उमेदवारीवर तोपर्यंत घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं. मला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

फोन माझ्या धाकट्या दिरांचा होता. भाऊजी कॉलेजला म्हणून पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. आधी नोकरी, मग बांधकामाचा धंदा, मग दोन गाड्या. आणि एका वयात, पुण्यात स्थिरावलेल्या आमच्याकडच्या बहुतेक माणसांना होते ती गोष्ट त्यांनाही झाली. त्यांना गावाची ओढ लागली. ही ओढ मोठी सोयीची असते. ती माणसाला गावात राहायला आणत नाही, फक्त गावाबद्दल बोलायला लावते.

“वहिनी, आपल्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी सुटलीय,” भाऊजी म्हणाले. “तुम्ही उभ्या राहताय. शिक्षिका, स्वच्छ प्रतिमा, घरोघरी विद्यार्थी. पैशाची काळजी तुम्ही करायचीच नाही.”

“भाऊजी, माझे गुडघे दुखायलेत,” मी म्हणाले.

“उभं राहायचं म्हणजे खरंच उभं नाही हो राहायचं, वहिनी.”

बाहेरच्या खोलीत आमचे हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडापुढं धरून बसले होते. कोर्टात कारकुनी केलेला माणूस. आपण या प्रकरणात पक्षकार नाही, असा चेहरा त्यांना छान करता येतो. “तुमाला ठाऊक होतं?” मी विचारलं. “अगं, तो एवढं म्हणतोय तर...” एवढंच म्हणून त्यांनी पेपराचं पान उलटलं. आमच्या घरात धाकट्या भावाच्या शब्दाला वजन जास्त, कारण तो शब्द लांबून येतो. जवळच्या माणसाचं बोलणं काय, रोजचंच असतं.

आमचं गाव मानवतच्या अलीकडं की पलीकडं ते मुद्दाम लिहीत नाही. तालुक्याचं गाव आहे, नगरपालिका आहे, आणि कित्येक वर्षं तिथं नगरसेवकच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते. नगरसेवक नसल्यामुळं गावाचं नेमकं काय अडलं हे कुणाला सांगता आलं नसतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं ते तेव्हाही तसंच येत होतं. तरी निवडणूक जाहीर झाली तेव्हा सगळ्यांना असा आनंद झाला, जसा काही दुसऱ्या दिवशीपासून नळ चोवीस तास वाहणार होते.

अर्ज भरायला गेले तर रांगेत पुढं अक्का उभी. अक्का म्हणजे आमच्या समोरच्या घरातली पिठाची गिरणीवाली. माझं लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून आमचं दळण तिच्याकडं, आणि तिच्या घरातल्या सगळ्या पोरांची अक्षरओळख माझ्याकडं. तिच्या हातात अर्ज बघून मला वाटलं, कुणाला तरी सोबत आली असेल. तिला माझ्याबद्दल तेच वाटलं.

“बाई, तुमी बी?” ती म्हणाली.

“मला पुण्याहून उभं केलंय.”

“मला दुबईहून.”

दुबईत तिचे जावई असतात. इकडचेच आहेत, पण दुबईत बरीच वर्षं झाली. कसल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. जावयाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. जावई जेवायला आला तर पुरणाचं करावं लागतं, निवडणूक म्हणाला तर उभं राहावं लागतं. “म्या म्हनले, जावईबापू, मला भाषण येत न्हाई. तर म्हनले, मामी, भाषणाला मानसं मिळतेत भाड्यानं.” अक्का हसली. मीही हसले. तासभर रांगेत उभ्या राहून आम्ही दोघी विरोधकांनी एकाच डब्यातला चिवडा खाल्ला.

आमच्या प्रभागातली तिसरी उमेदवार त्या रांगेत नव्हती. ती नंतर गाडीतून आली आणि रांगेत न थांबता आत गेली. वाळूच्या ठेकेदाराची बायको. वयानं माझ्या मुलीएवढी, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, आणि नवरा सांगेल तिथं सही करणारी. तिच्याकडं पाहून अक्का हळूच म्हणाली, “हिला तर घरातूनच उभं केलंय. हिचं बरं हाय, फोनचा खर्च न्हाई.”

माझ्या मनात एक शंका होती. आयुष्यभर शाळेत नियमांची पत्रकं वाचण्यात गेलं, त्याचा हा परिणाम. आत बसलेल्या कर्मचाऱ्याला मी विचारलं, “जो माणूस या गावात राहत नाही, इथं मतदान करत नाही, त्याचा पैसा प्रचाराला चालतो का?”

त्यानं खर्चाचा तक्ता माझ्यासमोर सरकवला. चहा, नाश्ता, मंडप, खुर्च्या, वाहन, लाउडस्पीकर, सगळ्यांचे रकाने होते. “बाई, खर्च कशावर केला ते लिहा. पैसा देनारा कुठलं पानी पितो ह्याला रकाना न्हाई.”

इतकं साधं उत्तर असेल असं वाटलं नव्हतं.

चार दिवसांत पुण्याहून एक मुलगी आली. भाऊजींनी एका प्रचार कंपनीला काम दिलं होतं आणि ही त्या कंपनीची मॅनेजर. मुलगी गुणी होती, त्याबद्दल वाद नाही. आमच्या नळाचं पाणी पाहून तिनं बाटल्यांचा खोका मागवला आणि मग कामाला लागली.

“मॅडम, तुमची स्टोरी काय आहे?” तिनं विचारलं.

“शाळेत शिकवलं. रिटायर झाले. आता गुडघे दुखायलेत.”

तिनं विचार केला आणि लिहिलं: ‘एका संघर्षाची गाथा’.

पोस्टर छापून आलं तेव्हा मी त्यातल्या बाईला ओळखलं नाही, साडीवरून ओळखलं. सुरकुत्या पुसल्या होत्या आणि चष्म्याची काच इतकी स्वच्छ होती की ती माझी असणं शक्यच नव्हतं. मी खालच्या कोपऱ्यात होते. वर, पाऊण पोस्टरभर, हात जोडलेले भाऊजी होते आणि त्यांच्या खाली ‘भूमिपुत्र’ असं लिहिलेलं. बिचाऱ्यांचा भूमीशी संबंध दरवर्षी संक्रांतीला एकदा यायचा, तोही गाडीतून उतरून घरात शिरेपर्यंत. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं पोस्टर पाहून मला आशीर्वाद दिला, “पोरगा निवडून येईल गं तुझा.”

अक्काच्या पोस्टरवर तर जावयांच्या मागं उंच इमारती होत्या. आमच्या गावात तिसरा मजला चढवला तर लोक पाहायला येतात. खाली लिहिलं होतं: ‘आपला प्रभाग, दुबईचा थाट’. आणि चिन्हवाटपानं तर मजाच केली. जिथं आठवड्यानं पाणी येतं तिथं अक्काला मिळाला नळ, आणि ज्या गल्लीत डांबर उखडून खडी कधीच वर आली होती तिथं मला मिळाला रोडरोलर.

मग पुणे आणि दुबई यांच्यात चढाओढ सुरू झाली. भाऊजींनी एक भोंग्यांची गाडी पाठवली, तर जावयांनी दोन पाठवल्या. जावयांनी आकाशातून चित्रण करणारं यंत्र उडवलं. भाऊजींनी त्याहून मोठं उडवलं. ते घिरट्या घालत होतं तेव्हा वाळत घातलेल्या पापडांवरची धूळ उडून परत पापडांवरच बसली. माझ्या जाहीरनाम्यात संगीत कारंजं आलं. मी मॅनेजरला म्हटलं, “अगं, प्यायला पाणी न्हाई आन् कारंजं?” ती म्हणाली, “मॅडम, सरांचा आग्रह आहे.” मी नालीचा विषय घाला म्हटलं, तर तो ‘सांडपाणी व्यवस्थापन’ होऊन सातव्या क्रमांकावर गेला आणि पान संपलं म्हणून गळाला.

या सगळ्याबद्दल मला वाईट वाटत होतं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला बरं वाटत होतं. गाडीत बसून गल्लीतून फिरताना लोक हात जोडत होते. आयुष्यभर मी ज्यांच्यापुढं खडू घेऊन उभी राहिले ते आता माझ्यासमोर हार घेऊन उभे होते. हाराचे पैसे पुण्याचे असले तरी मान माझीच होती ना. हेसुद्धा कधी नव्हे ते इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर बसायला लागले होते.

एकदा एका कोपरा सभेत मी लिहून दिलेलं भाषण वाचून खाली बसले, तर माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी राहिली. आता तिचीच मुलं कॉलेजला आहेत. “बाई, राग मानू नका,” ती म्हणाली. “नाली तुंबल्यावर फोन कुणाला लावायचा? पुण्याला का दुबईला?”

लोक हसले. मीही हसले, कारण व्यासपीठावर तेच करायचं असतं. पण घरी जाऊन मी तो प्रश्न त्या भाषणाच्या कागदामागं उतरवून ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी भाऊजींचा फोन आला. आवाज एकदम मऊ होता. “वहिनी, एवढं सगळं करतोय ते तुमच्यासाठीच. निवडून आल्यावर माझं एकच छोटं काम करायचं. बायपासला ती मोकळी जागा आहे ना, तिच्यावर मैदानाचं आरक्षण आहे. ते उठवायचा ठराव येईल, तेव्हा हात वर करायचा. बास.”

ती जागा मला माहीत होती. सगळ्या गावाला माहीत होती. जुन्या आराखड्यात ती खेळाच्या मैदानासाठी राखलेली होती. नगरपालिकेनं ती कधी विकत घेतली नाही आणि मालकाला तिथं काही बांधता आलं नाही, म्हणून पोरांनी ती वापरायला घेतली होती. सकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली तिथं पळायची, संध्याकाळी क्रिकेट चालायचं.

“ती जागा तुमची हाय, भाऊजी?”

“मी आणि एक पार्टनर. घेतली होती स्वस्तात. आरक्षण उठलं की प्लॉट पडतील. गावाचाच विकास आहे वहिनी.”

“पार्टनर कोण?”

“दुबईत असतो एक,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांना दुसरा फोन आला.

ज्वारी दळायची होतीच. मी डबा घेऊन समोर गिरणीत गेले. दळणाला पाच-सात बायका थांबल्या होत्या. गिरणी चालू असली की तिथं ओरडूनच बोलावं लागतं. मी अक्काच्या कानाशी ओरडले, “अक्का, तुमच्या जावयानं बायपासला जागा घेतलीय का?”

“व्हय!” अक्का पीठ हलवता हलवता ओरडली. “पुन्याचा कुनी पार्टनर हाय!”

“निवडून आल्यावर काय करायला सांगितलंय त्यांनी?”

“मैदान उठवायचं म्हनं! तेवढंच एक काम!”

“मलाही तेच सांगितलंय!” मी ओरडले. “म्हणजे आपल्या दोघींपैकी कुणीही आलं तरी...”

नेमकी तेव्हा लाइट गेली. पट्टा फडफडून थांबला, आणि त्या गप्प झालेल्या गिरणीत माझं उरलेलं वाक्य चांगलं खणखणीत ऐकू गेलं: “...मैदान त्यांचंच!”

दळणाच्या बायका आमच्याकडं बघत होत्या. अक्कानं हातावरचं पीठ झटकलं आणि ती जात्यापाशीच खाली बसली.

“बाई,” ती म्हणाली, “म्हंजी जावई माझ्याबी बाजूनं आन् तुमच्याबी बाजूनं?”

“आणि भाऊजीही.”

“मंग आपन दोघी एकमेकीच्या इरुद्ध कशापायी पळायलोत?”

त्या रांगेतली एक बाई म्हणाली, “तुमी पळा की. मैदान तर ते ठेवनार न्हाईत, आता गल्लीतच पळावं लागंल.” यावर सगळ्या बायका हसल्या, आणि आमच्या दोघींची राहिलेली अब्रू त्या हसण्यात गेली. लाइट परत आली तोवर ही गोष्ट बहुतेक आठवडी बाजारापर्यंत पोचली असणार.

प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत भाऊजी स्वतः आले. जावईही दुबईहून आले. भाऊजी आमच्या घरी उतरले आणि जावई समोर, आणि रस्त्यात एकमेकांना पाहून ओळख नसल्यासारखं दोघांनी मान फिरवली. अभिनय दोघांचाही बरा नव्हता. त्याच दुपारी आमच्या यांचे एक मित्र परभणीकडं जाऊन परतताना देवगाव फाट्यावर चहाला थांबले, तर हे दोघे तिथं एकाच टेबलावर जेवत बसलेले. मित्रानं येऊन सांगितलं, “भेंडीची भाजी एकाच ताटलीतून खायलेत हो!” आमचे हे पहिल्यांदाच खरे चिडले. सख्ख्या भावानं आपल्याला आधी सांगितलं नाही याचं दुःख त्यांना होतं, मैदानाचं कमी.

संध्याकाळी मी भाऊजींसमोर चहा ठेवला आणि विचारलं, “तुमी दोघींनाही उभं केलं?”

ते लाजतील असं मला वाटलं होतं. “वहिनी, धंद्यात रिस्क वाटून घ्यावी लागते,” ते म्हणाले.

“म्हणजे मी रिस्क?”

“तुम्ही गुंतवणूक,” ते म्हणाले, आणि हे बोलणं कौतुकाचं आहे असं त्यांना खरंच वाटत होतं.

“भाऊजी, तुमी इथं राहत न्हाई. नळाला पाणी येवो न येवो, तुमचं काही अडत न्हाई. मग इथं कोण निवडून यावं हे तुमी ठरवायचं?”

आता मात्र ते उसळले. “का नाही? माझा जन्म इथला. घरपट्टी मी भरतो. आईबाप याच मातीत गेले. गावाबाहेर गेलो म्हणजे गाव माझं उरलं नाही? आणि गावात राहणाऱ्यांनी कोणते दिवे लावले? तुमची ती तिसरी उमेदवार. तिचा पैसा तर शंभर टक्के गावातला आहे. नदीतून काढलेला. गावात राहून गाव खाणाऱ्याचा पैसा पवित्र, आणि मी बाहेरून घाम गाळून आणलेला अपवित्र?”

मी एवढंच म्हणाले, “त्या वाळूवाल्याची दारावरची गाडी आमाला रोज दिसती. शिव्या द्यायच्या तर उद्या सकाळी देता येतात. तुमाला द्यायच्या तर संक्रांतीपर्यंत थांबावं लागतं.”

आमचे हे आतून म्हणाले, “चहा गार होतोय.” कोर्टातली सवय. तडजोडीची वेळ आली की त्यांना चहा आठवतो.

दुसऱ्या दिवशी शेवटची सभा होती. बाजारातल्या चौकात माझी, आणि त्यानंतर तिथंच अक्काची. मॅनेजर मुलीनं मला भाषण दिलं. ते मी घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि अक्काला हात धरून वर ओढलं. विरोधी उमेदवार माझ्या व्यासपीठावर चढल्याचं बघून लोक गोळा झाले. भांडण होईल अशी त्यांना आशा होती.

मी सांगितलं. भोंगे भाऊजींनी लावलेत, खुर्च्याही त्यांच्याच, अक्काच्या खुर्च्या जावयांच्या. हे सगळं कशासाठी तर मैदानासाठी. “आमच्यापैकी कुणालाही मत द्या, नाहीतर देऊ नका,” मी म्हणाले, “पण मैदान उठवायला आमी दोघी हात वर...”

माईक बंद झाला. मी खाली पाहिलं. गाडीजवळ भाऊजी उभे होते आणि ड्रायव्हर वायर हातात घेऊन दुसरीकडं बघत होता. पैसे ज्याचे त्याचा आवाज, हा नियम मला इतका उघड पहिल्यांदाच समजला.

पण भाऊजी एक गोष्ट विसरले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत माईक नसतो. पत्र्यावर पाऊस पडत असताना शेवटच्या बाकापर्यंत पाढे पोचवायची सवय असलेला घसा होता माझा. मी सोडलेलं वाक्य उचललं आणि मोठ्यानं पूर्ण केलं: “...हात वर करणार न्हाईत!” चौकातून टाळ्या पडल्या. अक्काला भाषण येत नव्हतं, म्हणून ती फक्त म्हणाली, “माझं बी तेच,” आणि तिलाही तेवढ्याच टाळ्या मिळाल्या. जावई समोरच्या ओट्यावर उभे होते. सासूला रागावता येत नाही, म्हणून ते फोनवर कुणाला तरी रागावत होते.

फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. घरापर्यंत चालत गेलो तर लोक दारात येऊन नमस्कार करत होते. आमचे हे मागून चालत होते, आणि एका ठिकाणी तर “आमच्या घरातूनच” असं कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

मग गावानं मतदान केलं आणि वाळूवाल्याची बायको निवडून आली.

चांगल्या फरकानं आली. आम्हा दोघींना मिळालेल्या टाळ्या आणि आम्हाला मिळालेली मतं यांचा मेळ मला अजून लागलेला नाही. एका विद्यार्थ्यानं समजावून सांगितलं. “बाई, तुमी खरं बोललाव म्हनून लय आदर वाटला. पन तुमीच म्हनलाव की कुनालाबी द्या. मंग ज्यानं आदल्या राती घरी येऊन इचारपूस केली त्याला दिलं.” विचारपूस म्हणजे काय ते मी विचारलं नाही. अनामत वाचली, एवढीच शिल्लक. अक्का दुसरी आली, मी तिसरी. ती मला म्हणाली, “बाई, नापास झालो की आपन.” मी म्हणाले, “तुमी वरच्या श्रेणीत.”

भाऊजी निकालाच्या आधीच गेले होते. ते माझ्याशी बोलत नाहीत. यांना फोन करतात, आणि मी जवळ असल्याचं कळलं तर विषय बदलून ‘हवा काय म्हणते’ असं विचारतात. संक्रांतीला यंदा आले नाहीत. जाऊबाईंनी तिळगूळ कुरिअरनं पाठवला. त्यावर गोड बोला असं लिहिलेलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला ते लागलं. हा माणूस कॉलेजला गेला तेव्हा त्याची बॅग मी भरली होती. अक्काच्या जावयांनी लेकीला यंदा सुट्टीत माहेरी पाठवलं नाही, दुबईत खूप काम आहे म्हणाले. मैदान राहिलं, पण त्याचा खर्च आमच्या दोन घरांतून झाला.

खरं तर मैदान राहिलं असं म्हणायचीही घाई होती. कारण जमिनीचा भागीदार व्हायला पुण्याचा किंवा दुबईचा असावं लागत नाही. निकालानंतर थोड्याच दिवसांत कानावर आलं की वाळूवाल्यानं भाऊजींना फोन केला आणि तोही त्या जागेत शिरला. बाहेरचा पैसा आणि गावातला पैसा यांच्यातला तो एवढा मोठा तात्त्विक वाद एका फोनमध्ये मिटला.

आणि मग हळदीकुंकवाच्या दिवसांत ती आमच्या दारात आली. नवी नगरसेविका. मैत्रिणी नाहीत, गाडी नाही, एकटीच पायी. तिनं हळदीकुंकू घेतलं, वाण घेतलं, आणि तरी बसूनच राहिली.

“बाई, एक इचारू का?” ती म्हणाली. “पहिली सभा हाय. हे म्हनतेत, सगळ्या इषयाला हात वर कर. पन इषय काय हायेत ते मला कळायले न्हाईत. सरकारी भाषा हाय. वाचून सांगता का?”

तिनं पदराआडून विषयपत्रिका काढली. मी चष्मा लावला. पाणीपट्टी, दिवाबत्ती, कचऱ्याच्या गाड्या, एकेक विषय मी तिला साध्या बोलीत सांगत गेले. मैदानाचा विषय आला. त्यात ‘मैदान’ हा शब्दच नव्हता. सर्व्हे नंबर होता आणि ‘वापरातील फेरबदल’ असं होतं. मी सांगितलं की ही ती बायपासची जागा. हात वर केला तर काय होईल आणि नाही केला तर काय होईल, तेही सांगितलं. काय करावं ते मात्र सांगितलं नाही. माझा सल्ला मानून गावानं काय केलं ते मी नुकतंच पाहिलं होतं.

तिनं विषयपत्रिकेची घडी घातली. मग म्हणाली, “माझा भाऊ, माहेरी पालमला, असाच रोडवर पळायचा, पोलीस भरतीसाठी. तिथं मैदान न्हाई. पहाटं टेम्पोनं उडवला त्याला. पाय गेला.”

हे मला माहीत नव्हतं. मी तिला चहा दिला. ती तो बशीत ओतून प्यायली आणि गेली.

सभा झाली त्या संध्याकाळी अक्का पीठ सोडून धावत आली. बाकी सगळ्या विषयांना नवी नगरसेविका हात वर करत होती म्हणे. त्या विषयाला मात्र उभी राहिली आणि म्हणाली, “याचा अभ्यास करायचाय. पुढच्या सभेत घ्या.” इतकं हळू बोलली की दुसऱ्यांदा सांगावं लागलं. विरोधातले तर वाटच बघत होते; तेही म्हणाले, घ्या पुढं. विषय पुढं गेला. तिचा नवरा बाहेर गाडीत बसून होता, त्याला हे चहावाल्याकडून कळलं.

दोन दिवसांनी मी यांना म्हटलं, तिची चौकशी करायला पाहिजे, घरात काय झालं असेल कोण जाणे. जायला निघाले तर फोनच आला. मागं एसटीचा भोंगा आणि कंडक्टरची हाक ऐकू येत होती.

“बाई, मी आलेय पालमला, आईकडं. चार दिवस ऱ्हाते,” ती म्हणाली. “हे लय चिडलेत. चिडू द्या. तुमी फक्त एवढं सांगा, पुढची सभा कधी हाय? त्या दिवशी सकाळच्या गाडीनं येते.”